शीतकंदाचा उतार

फार पूर्वी वंजुलपुरात राजा अरिंदम राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्माला येऊन सुनेत्र या नावाने राजवैद्य झाले होते.

नगराबाहेरच्या एकाच उतारावर शीतकंद उगवे. हिवतापावर दुसरे औषध नव्हते. कंद काढणाऱ्यांची रीत अशी, की शेंगा फुटून बी सांडल्यावाचून कुदळ लावायची नाही. सलग दुष्काळात उतार उघडाबोडका राहिला. मग एका वर्षी भरपूर पाऊस झाला आणि सारा उतार पांढऱ्या फुलांनी भरून गेला.

राजाला शेजारच्या राजाची कन्या सून म्हणून हवी होती. त्या राजाने आपले कोठार भरायला शीतकंदाच्या गाड्या आहेरात मागितल्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे तर नवऱ्याचा बापच उतावळा! त्याने सगळे कंद खणायचा हुकूम सोडला. राजा बोले दळ हाले, सैनिक कुदळी घेऊन सेनापतीमागे निघाले आणि राजाही बरोबर गेला.

सुनेत्र आधीच जाऊन फुलांमध्ये बसले होते. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. एवढी झाडे असताना कसली चिंता, असे राजाने विचारले.

"महाराज, ही सगळी म्हातारी आहेत," सुनेत्र म्हणाले. "दुष्काळात ती जमिनीत जीव धरून राहिली, पण एक बी रुजले नाही. पावसाने त्यांना वर आणले, एवढेच. यात एक कोवळे रोप दाखवा, मी बाजूला होतो."

राजा हट्टाने वाकला. चिखलात गुडघे टेकून त्याने पाने सारून पाहिली. रोप सापडले नाही, तसा तो अधिकच चिडला आणि पद काढून घेण्याची धमकी देऊ लागला.

"पद आपले आहे, घ्या. पण पुढे तापाने फणफणलेले पोर घेऊन एखादी आई दारात आली, तर तिला काय द्यायचे? कुदळ चालवायचीच तर माझ्या अंगावरून चालवा."

सेनापतीचा मुलगा याच कंदाने वाचला होता. सेनापतीने आपली कुदळ खाली ठेवली. मग सगळ्यांनीच ठेवल्या.

सोयरीक मोडली. राजाने पद काढून घेतले ते परत दिले नाही, आणि सुनेत्रांनीही मागितले नाही. शेवटची शेंग फुटेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा देवदत्त होता, सेनापती आनंद होता आणि तो वैद्य मीच होतो. नुसती करुणा पुरत नाही, तिच्यासाठी ठाण मांडून बसावे लागते. यालाच अधिष्ठान पारमिता म्हणतात."