हलकी गाडी

पत्र्यावर चिंचोके सांडावेत, तसा तो आवाज होता. पन्नास वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या चढाला दस्तगीर उस्तादांनी तो ऐकला. वळणावरून दोघांपुरती एक उघडी गाडी वर आली. चालवणारा दवाखान्यातला साधा कंपाउंडर, अंगात विटका शर्ट. गाडीत तो एकटाच होता, आणि हसत होता.

आज इंद्रजित समोर उभा राहून विचारत होता, तेव्हा उस्तादांच्या कानात तोच आवाज होता.

"माझ्या गाडीत कमी काय आहे, उस्ताद?"

उस्तादांनी हात पुसले.

चढाच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज. तिथली रीत जुनी होती. शिकणाऱ्यानं एक गाडी स्वतःच्या हातानं बांधायची आणि उस्तादांना शेजारी बसवून चढ चढायचा. वर पोचल्यावर उस्ताद 'बरं' म्हणाले, की त्यानं आपल्या नावाची पाटी लावायची. इंद्रजितची नऊ वर्षं इथं गेली होती. नव्या गॅरेजची जागा ठरली होती, पाटीही रंगवून झाली होती. तेवढा एक शब्द राहिला होता.

त्यानं गाडीत मोठं इंजिन घातलं होतं. ते पेलायला जाड सांगाडा केला, सांगाड्यासाठी रुंद टायर आणले आणि एवढं सगळं थांबवायला मोठे ब्रेक लावले. मग काचा, एसी, गाणी. गाडीचा रंग असा, की त्यात तोंड बघावं.

शेजारी उस्तादांची गाडी उभी होती, त्या कंपाउंडरच्या गाडीवरून बांधलेली. लोखंडी नळ्या, वर पातळ पत्रा, भंगारातून आणलेलं छोटं इंजिन. दारं नाहीत. चौघांनी उचलली तर बाजूला ठेवता येईल. तरी दर रविवारी पुण्या-बेळगावची माणसं तिच्यासाठी थांबून राहायची, एक फेरी मारायची आणि परत येऊन तासभर हातवारे करत बोलायची. इंद्रजितच्या गाडीचे ती फोटो काढायची. बसू का, असं कुणी विचारायचं नाही.

हेच त्याला खुपत होतं.

"चल," उस्ताद म्हणाले.

इंद्रजितची गाडी वर निघाली. काचा बंद, आत गार. रंगावर खडी उडेल म्हणून तो तीन ठिकाणी थबकला, तरी सहा मिनिटांत माथा आला. त्यानं घड्याळ पुढं केलं. उस्तादांनी मान हलवली आणि परत खाली घ्यायला सांगितलं.

खाली आल्यावर ते म्हणाले, "चप्पल काढ. आता माझ्या गाडीत बस, चालवायला."

"त्या पत्र्याच्या डब्यात?"

"डब्यातच."

इंद्रजितनं चप्पल काढली. नऊ वर्षांत त्यानं ती गाडी शंभरदा खोलली होती, पण चढाला कधी घातली नव्हती. लाज वाटायची. बसता बसता त्यानं विचारलं, कुठं ठोकली तर?

उस्ताद म्हणाले, पत्रा हातोडीनं सरळ होतो. इंजिनही भंगारात दुसरं मिळतं.

पहिल्या वळणाला तो चुकला. उशिरा गिअर टाकला, गाडी रडकुंडीला आली. दुसऱ्याला जरा जमलं. मग तो बोलेनासा झाला. खडी आली, तरी थबकला नाही. तिसऱ्या वळणावर मात्र आपण होऊनच म्हणाला,

"डाव्या चाकाखाली ऊस आला."

ट्रॉलीतून पडलेली कांडी त्या वळणावर विखुरली होती. गळिताचे दिवस होते.

"मघाशीबी होता," उस्ताद म्हणाले.

इंद्रजितनं त्यांच्याकडं बघितलं... आणि लगेच पुन्हा रस्त्याकडं.

माथ्यावर गाडी थांबली. त्याची मान घामानं भिजली होती, केसांत धूळ होती.

"किती लागली?" उस्तादांनी विचारलं.

त्यानं घड्याळ बघितलंच नव्हतं.

"साडेआठ मिनिटं," उस्तादांनीच सांगितलं.

"म्हणजे माझीच जोरात."

"व्हय."

इंद्रजित स्टिअरिंगवरचे हात काढत नव्हता.

"पण उस्ताद... ही जोरात आल्यागत वाटली."

खालून उसाची एक ट्रॉली कण्हत वर आली आणि निघून गेली.

"मग... माझी पाटी?"

उस्तादांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पयल्या खेपेला तुझी गाडी वर आली, तू न्हाईस. दुसऱ्या खेपेला जो आला, त्याच्या नावाची पाटी लाव."

इंद्रजित खाली उतरला. मग गाडी उस्तादांजवळ ठेवून, अनवाणी तळव्यांनी खडी चाचपत पायीच उताराला लागला.