चाळीस आकड्यांचा भाजक

वेणूचे वडील धुंडिराजशास्त्री संस्थानच्या पाठशाळेत गणित शिकवत. त्यांची दृष्टी गेली, तसे राजज्योतिषी महाराजांना म्हणाले, "आंधळा माणूस काय गणित शिकवणार? परीक्षा घेऊ."

भरदरबारात ज्योतिष्यांनी फळ्यावर चाळीस आकडी संख्या लिहिली. "शास्त्रीबुवा, हिला निःशेष भागणारी सर्वांत मोठी संख्या सांगा!"

वडिलांशेजारी उभी असलेली वेणू एकेक आकडा वाचू लागली. शास्त्र्यांनी तिचा हात थोपटला. "राहू दे, बाळ. संख्या कुठलीही असो, तिला भागणारी सर्वांत मोठी संख्या ती स्वतःच. एवढ्यासाठी डोळे कशाला हवेत?"

ज्योतिष्यांची मान खाली गेली. महाराज उठून म्हणाले, "शास्त्रीबुवा, उद्यापासून युवराजांनाही तुम्हीच शिकवा."

वडिलांचा हात धरून घरी निघालेल्या वेणूच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.