नाक नसलेला स्वार

शिवरगडच्या महिपतराजांनी हुकूम सोडला: नव्या विहिरीच्या खोदकामात सापडलेली चाळीसच्या चाळीस नाणी उद्या भट्टीत घाला, आणि नागोपंत पारख्याला सोमवारच्या आत वेशीबाहेर घालवा.

पंतांचा गुन्हा एवढाच, की ते खरं बोलले होते. राजांना जुन्या नाण्यांचा भारी नाद. प्रत्येक नाण्याची प्रत ते स्वतः ठरवायचे. अव्वल, दुय्यम, सुमार, आणि त्याखाली भट्टी. त्यांचं लाडकं नाणं होतं एक चांदीचं, घोडेस्वाराचं. रोज सकाळी ते चिंच आणि राख लावून त्याला स्वतःच्या हातानं घासायचे. ते आरशासारखं लखलखायचं, म्हणून अव्वल. विहिरीतली नाणी त्याच घोडेस्वाराची, पण काळीकुट्ट, म्हणून भट्टी. पंतांनी हात जोडून सांगितलं, की ही काळी नाणी कुणाच्या हाताला लागलेलीच नाहीत, खरी अव्वल हीच. आणि वर म्हणाले, "महाराज, तुमच्या स्वाराला घासून घासून नाक उरलेलं नाही."

झालं! तीस वर्षांची चाकरी त्या नाकापायी गेली.

पंतांच्या शेजारी गोजरा राहायची. जातीची झारेकरीण, म्हणजे सोनारांच्या दुकानातली धूळ आणि राख धुऊन त्यातला सोन्याचांदीचा कण वेचणारी. पंतांच्या घरी सामानाची बांधाबांध चाललेली तिनं पाहिली. पंतांची बायको तुळशीपाशी बसून रडत होती. गोजरानं पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

राजांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पंतांचं खरं असेल, तर माझी पारख चुकली असं होतं. ते मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालणार नाही. माझी चूक माझ्याच तोंडून वदवून दाखव. जमलं तर पंत राहतील. नाही जमलं, तर वर्षभर मुदपाकखान्यातली भांडी घासशील."

दरबारी खाली मान घालून हसले. जो माणूस स्वतःच न्यायाधीश, तो स्वतःला कशाला दोषी ठरवील? मुदपाकखान्यातल्या कढया गोजरानं पाहिल्या होत्या. एकेकीत माणूस बसेल एवढ्या. पण तिनं विचार केला, राजा आंधळा नाही, नुसता दिपलेला आहे.

तिनं एक दिवसाची मुदत मागितली, आणि राजांचं लाडकं नाणं नि काळ्यांपैकी पाच, एवढी घटकाभर कारकुनाच्या नजरेखाली हाताळायची परवानगी. राजांनी दोन्ही दिलं, आणि तोवर भट्टीही थांबवली.

सोनारगल्लीतून तिनं लाख आणली. ती निखाऱ्यावर मऊ करून तिच्या पुरीएवढ्या सहा चकत्या केल्या. नाण्यांना तेलाचं बोट लावून एकेक नाणं एकेका चकतीवर दाबलं आणि अलगद सोडवून कारकुनाला परत केलं. कोणता ठसा कोणत्या नाण्याचा, ते तिनं कारकुनाकडूनच चकतीच्या पाठीवर लिहून घेतलं. म्हणजे नंतर कुणी तिच्यावर बोट ठेवायला नको.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. गोजरानं सहा चकत्यांचं तबक राजांपुढं ठेवलं आणि विनंती केली, की महाराजांनी या ठशांची प्रत लावावी.

राजे खूश झाले. प्रत लावायची म्हटली की त्यांना भूक लागत नसे. लाखेत ना चांदी होती ना चमक, घोडाही उलट्या बाजूला तोंड करून उभा होता. त्यांनी पहिली चकती उजेडाकडं धरली. "वा! आयाळीचा केस न् केस मोजून घ्यावा. अव्वल." दुसरी पाहिली, तीही अव्वल. तिसरीच्या काठावर थोडी खाच होती, तिला दुय्यम दिलं. चौथी पाहून मात्र त्यांचा चेहरा आंबट झाला.

"हे काय आहे? घोडा आहे की शेळी? आणि या स्वाराचं नाक कुठं आहे? कुणा मूर्खानं हे नाणं दगडावर घासलंय. भट्टी!"

पाचवी आणि सहावीही अव्वल निघाली. मग गोजरानं कारकुनाला चकत्या उलट्या करून वाचायला सांगितलं. पहिली, विहिरीतली. दुसरी, विहिरीतली. तिसरीही तीच. चौथी उलटी करून कारकुनानं ती राजांपुढंच धरली. राजांनी चकती त्याच्या हातून घेतली आणि स्वतः वाचली.

"मूर्ख म्हणालो ना मी?" राजांनी हळूच विचारलं.

"महाराज म्हणाले खरे," गोजरा म्हणाली, "पण पारख महाराजांची चुकली नाही. सहाच्या सहा ठसे बरोबर ओळखले. चमक मधे येत होती, तेवढी मी बाजूला केली."

राजांच्या पोटातून हसू फुटलं, ते इतकं की पगडी सरकून कानावर आली. मग सगळा दरबार हसला. पंतांना बोलावून शालजोडी दिली, पारख्याची जागा परत दिली, आणि चाळीस नाणी रेशमी गादीवर मांडायला त्यांच्याच हाती सोपवली.

मग राजांनी गोजराला विचारलं, की तुला स्वतःला काय हवं?

"तोषाखान्याच्या भट्टीमागं राखेचा ढीग आहे, महाराज. तेवढा द्या."

"तो उकिरडा? माझ्या आजोबांच्या वेळेपासून पडलाय तो. काय आहे त्यात?"

"ते धुतल्यावर सांगते," गोजरा म्हणाली. "आत्ता सांगितलं तर महाराज देणार नाहीत."

राजे पुन्हा हसत सुटले, आणि हसता हसताच त्यांनी ढीग तिच्या नावे करून दिला, वर तो वाहून न्यायला सरकारी बैलगाड्याही दिल्या.