गल्लीभर लांबीचा ताणा

एका राज्यात सोन्याची खाण नव्हती, की समुद्रात मोती नव्हते. होतं ते कापड. त्या कापडावर कापूस पिकवणारा शेतकरी जगत होता, पिंजारी आणि रंगारी जगत होते, मागाचे धोटे घडवणारा सुतार आणि गठ्ठे नेणारा नावाडी जगत होता. इतकंच काय, राजवाड्यावरचा पहारेकरीही त्यावरच जगत होता. त्याला ते माहीत नव्हतं. राजालाही फारसं नव्हतं.

या राज्यात नदीकाठी विणकरांचं एक गाव होतं आणि गावात एक लांबलचक गल्ली होती. त्या गल्लीची एक रीत होती. सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते. त्यासाठी उभे धागे, म्हणजे ताणा, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरायचे, त्यावर तांदळाची खळ लावायची आणि ती वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत राहायचं. कुंचे थांबले तर धागे एकमेकांना चिकटतात आणि ताण्याची फळी होते. हे एका घराचं काम नव्हे. म्हणून ज्याचा ताणा असेल त्याने पहाटे दारं वाजवायची आणि बाकीच्यांनी आपापले माग सोडून बाहेर यायचं. सुनेशी अबोला धरलेली सासूसुद्धा पाजणीच्या वेळी सुनेशेजारी कुंचा घेऊन उभी राही, आणि टोमणे तिथेच मारून घेई.

या गल्लीत एक विणकर होता. त्याच्या हातासारखा हात राज्यात नव्हता. त्याच्या समोरच्या घरात एक विधवा राही. पदरी एक लहान मुलगी. नवऱ्याच्या मागे त्याचा माग तीच चालवत होती.

एके दिवशी समुद्रापलीकडून एक व्यापारी आला. पाजणी बघून तो हसला.

"अरे, सगळी सकाळ तुम्ही रस्त्यावर घालवता! मी तुम्हाला खळ दिलेला ताणा आयता देतो. रुळावर गुंडाळलेला. मागावर चढवा, विणा आणि कापड मला द्या."

"महाग असेल," विणकर म्हणाला.

"तुमच्या तांदळापेक्षा स्वस्त."

विणकराने रूळ घेतला. त्याचं कापड वेगाने निघू लागलं. ते पाहून शेजाऱ्याने घेतला, मग त्याच्या शेजाऱ्याने. विधवेलाही हवा होता, पण तिचा माग अरुंद. व्यापाऱ्याचा रूळ त्यात बसेना.

"माग बदल," व्यापारी तिला म्हणाला, आणि पुढच्या दाराकडे गेला.

मग एका पहाटे तिने विणकराचं दार वाजवलं.

"भाऊजी, ताणा लावलाय. येता ना?"

"वहिनी, आज व्यापाऱ्याची नाव येणार आहे. कापडाचं ठाण पुरं झालं नाही तर पुढचा रूळ मिळायचा नाही."

"खळ लावून झालीय हो. ऊन वर यायच्या आत..."

"मग आधी विचारून लावायची ना!"

"आजवर कोणी विचारून लावली होती?"

विणकराने दार अर्धं लोटलं. आतून त्याची बायको म्हणाली, "अहो, जाऊन या ना. आयुष्यभर का लागणार आहे?"

"तुला बोलायला काय जातंय? गल्लीत दुसरं कोणी नाही का?"

गल्लीतल्या प्रत्येक दारातून तिला हेच ऐकायला मिळालं. दुसरं कोणीतरी आहेच, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

विणकराची बायको मात्र कुंचा घेऊन बाहेर पडली. दोन बायका आणि एक पोर त्या लांबलचक ताण्यावर इकडून तिकडे धावत राहिल्या. एका टोकाला कुंचा फिरवावा तर दुसरं टोक वाळलेलं. ऊन वर आलं. धागे चिकटले. विधवेने ते सोडवायला घेतले तेव्हा ते तिच्या हातात तुटू लागले. वर्षभर जपून जमवलेलं सूत होतं ते. तिने त्याची गुंडाळी केली आणि घरात नेली. ती रडली नाही. थोड्याच दिवसांत ती मुलीला घेऊन गाव सोडून गेली.

त्यानंतर गल्लीत पाजणी झाली नाही. कोणाला गरजच उरली नव्हती. कुंचे बांधणारा दुसऱ्या कामाला लागला. पोरं मोठी झाली, पण त्यांनी खळ कशी शिजते ते पाहिलंच नाही.

मग एकदा व्यापाऱ्याची नाव आली, पण तिच्यात रूळ नव्हते. कापडाचे गठ्ठे होते.

"आता आमच्याकडे कापडच विणून होतं," तो म्हणाला. "घ्या. तुमच्याच कापसाचं आहे."

"मग आम्ही काय करायचं?" विणकराने विचारलं.

"नेसा."

माग थांबले. रंगाऱ्याचे हौद कोरडे पडले, सुताराने बिऱ्हाड हलवलं, व्यापारी म्हणेल त्या भावाने कापूस जाऊ लागला. एका सकाळी राजवाड्याच्या दारात पहारेकरी दिसेना, तेव्हा राजाने चौकशी केली. सगळं ऐकून तो घाबरला. त्याने दवंडी पिटवली आणि गावोगाव सूत, तांदूळ आणि नवे माग पाठवले. "विणा!" म्हणाला.

विणकराने गल्लीत ताणा लावला. खळ घातली. दारं वाजवली. बऱ्याच दारांना कुलपं होती. एका घरातून एक आंधळा म्हातारा आला, दुसऱ्यातून एक तरुण आला, पण त्याने कुंचा उलटा धरला. कुंचा धरायला विणकराची बायकोही आता हयात नव्हती. दुपारपर्यंत ताण्याची फळी झाली.

मग त्याला विधवा आठवली. विचारत विचारत तो बंदरावरच्या शहरात पोचला. ती व्यापाऱ्याच्याच दुकानात कापडाच्या घड्या घालत होती.

"भाऊजी? बसा. पाणी घ्या."

"वहिनी, परत चला. राजाने माग दिलेत. सूत आहे, तांदूळ आहे."

"मग नाही काय?"

"माणसं."

तिने हातातली घडी पुरी केली. "आक्का कशा आहेत?" तिने त्याच्या बायकोबद्दल विचारलं.

त्याने नाही अशी मान हलवली. तिने घडी बाजूला ठेवली.

"एकट्या त्याच आल्या होत्या," ती म्हणाली. "भाऊजी, मी आले असते. पण दोघांनी गल्ली भरत नाही, हे मी पाहिलंय."

"मुलीला तरी विणता येत असेल?"

"शिकायचं वय होतं तेव्हा आम्ही वाट तुडवत होतो."

विणकर उठला. त्याच्या अंगावरचं धोतर विरून गेलं होतं. निघताना त्याने त्याच दुकानातून एक नवं घेतलं. ते तिथेच कामाला असलेल्या तिच्या मुलीने मोजून फाडून दिलं. राज्यातल्या सर्वांत चांगल्या विणकराने ते काखेत मारलं आणि तो रिकाम्या गल्लीकडे चालू लागला.

तात्पर्य: देशाचा धंदा परका माणूस मोडतो, हे अर्धंच खरं आहे. शेजाऱ्याने दार वाजवल्यावर "दुसरं कोणी जाईल" असं आपण म्हणतो, तेव्हाच तो मोडायला लागलेला असतो. राजा सूत देऊ शकतो, माग देऊ शकतो. आपण घालवलेली माणसं त्याला देता येत नाहीत.