विषाचा सहावा ठोका

३० नोव्हेंबर, शनिवार. सकाळी नऊपर्यंत दाट धुके, नंतर स्वच्छ ऊन. वारा नाही.

एकदा एक वृद्ध शिक्षक आणि त्यांची एके काळची विद्यार्थिनी एका राक्षसाला मारायला बसले. राक्षस संगणकाच्या पडद्यावरचा होता. पण त्याने त्यांना नऊ वर्षे हरवले होते, आणि त्या दिवशी दुपारी बारा वाजता तो खेळ कायमचा बंद होणार होता.

शिक्षकांचे नाव बोंद्रे सर. कराडात त्यांचे टायपिंगचे वर्ग होते. टाइपरायटर गेले तेव्हा त्याच खोलीत त्यांनी सहा संगणक मांडले आणि खेळायला येणाऱ्या पोरांबरोबर स्वतःही खेळू लागले. तलवार त्यांनी कधी घेतली नाही. ते विष घालणारा मांत्रिक झाले. पाच वर्षांपूर्वी हात थरथरू लागला, तेव्हा तो मांत्रिक त्यांनी त्या विद्यार्थिनीच्या, शलाकाच्या हवाली केला. "दगड्या पडला की कळव," एवढेच म्हणाले.

दगड्या म्हणजे तो राक्षस. कळवण्यासारखे पाच वर्षांत काही घडले नाही. म्हणून शलाका पुण्याहून पहाटेच्या एसटीने आली होती. निदान शेवटच्या दिवशी तरी सरांच्या डोळ्यांदेखत तो पडावा, एवढीच तिची इच्छा होती. खोलीत शाईच्या फितीचा वास अजून येतो, असे तिला वाटले. कोणत्या बोटाने कोणते अक्षर, हे दाखवणारा तक्ता भिंतीवर तसाच होता. ज्या खुर्चीवर बसून ती सोळाव्या वर्षी टायपिंग शिकली, तीच तिने ओढून घेतली.

कानातल्या यंत्रातून बाकीचे तिघे बोलत होते. ढाल धरणारा इलियास शारजात होता; इतर दोघे आपापल्या गावी.

पहिला डाव ते सव्वाअकराला हरले. दगड्याचा जीव अकरा टक्के उरला होता. नऊ वर्षे तो तिथेच उरत आला होता.

"परंपरा राखली बघा आपण," इलियास म्हणाला.

दुसऱ्या डावात सरांनी एक विचित्र गोष्ट केली. शलाकाने मंत्र टाकला. तिचे बोट पुन्हा त्याच कळीकडे वळले, तोच सरांनी तिच्यापुढचा कीबोर्ड उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"सर! अहो सर, काय करताय?"

"थांब."

"शलाके, झोपलीस का गं?" इलियास ओरडला. "विष कुठाय? मी इथं मार खातोय नुसता!"

थोड्या वेळाने कीबोर्ड परत मिळाला. पुढचा मंत्र पडताच सरांनी तो पुन्हा उचलला. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी कीबोर्ड सरांकडे असतानाच दगड्याने मांत्रिकाला चिरडले. साडेअकरा वाजले होते. शलाकाचे डोळे भरून आले. रागाने की आणखी कशाने, हे तिलाही कळेना.

"एकच डाव उरलाय, सर. आणि तुम्ही..."

"त्याचा जीव किती उरला, बघितलंस?"

तिने पाहिले. तीन टक्के.

सर म्हणाले, "हे विष अठरा सेकंद चालतं. दर तीन सेकंदांनी एक ठोका, आणि प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा मोठा. सहावा सगळ्यात मोठा. विषात खंड पडू नये म्हणून तू पाचव्या ठोक्यालाच नवा मंत्र टाकतेस. त्यानं जुनं विष पुसलं जातं आणि गाडी पुन्हा पहिल्या ठोक्यावर येते. सहावा ठोका त्या दगड्यानं तुझ्या हातून आजपर्यंत खाल्लेलाच नव्हता. मीही चार वर्षं तेच केलं. हात थरथरायला लागला, मंत्र उशिरा पडायला लागला, तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की. मांत्रिक तुझ्या हाती दिला त्याच दिवशी. घाई करू नकोस म्हणालो."

"घाई करू नकोस काय, सगळेच म्हणतात, सर!"

सर हसले. "तुझी डावी करंगळी चुकायची, आठवतं? मी एकदा सांगितलं आणि आठवडाभर बोललो नाही. करंगळी सुधारली. मला वाटलं, हेही तसंच मुरेल. नाही मुरलं, तिथं माझं चुकलं. पण रोज सांगितलं असतं, तर आधीचं सांगणं पुसलंच गेलं असतं. आपण केलेलं पुरं व्हायच्या आतच आपल्याला ते पुन्हा करायचं असतं, पोरी. आपल्याला वाटतं, ही चिकाटी. ती भीती असते."

शलाकाने कीबोर्ड पुढे ओढला.

तिसरा डाव अकरा एकोणचाळीसला सुरू झाला. या वेळी सरांनी हात लावला नाही. प्रत्येक मंत्रानंतर शलाका मनात ठोके मोजत राहिली. बारा मिनिटांनी इतर दोघे पडले, पाठोपाठ इलियास.

"आता तूच गं बाई," त्याचा आवाज आला. "मार, काहीतरी मार!"

दगड्या मांत्रिकाकडे वळला. जीव एक टक्का. औषधाची कुपी संपली होती. पळायला वाट नव्हती. शेवटच्या विषाचा चौथा ठोका पडला, मग पाचवा. दगड्याने हात उगारला. कळ बोटाखाली होती. "शलाके, मार ना!" इलियास ओरडत होता.

शलाकाने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

मांत्रिक मेला. दोन सेकंदांनी सहावा ठोका पडला. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी दगड्या कोसळला. त्या वेळी चौघांपैकी कोणीही जिवंत नव्हते, त्यामुळे खजिन्याची पेटी उघडता आली नाही. बरोबर बारा वाजता पडदा काळा झाला.