पाठ टेकण्याची जागा

एकदा एक शिष्य आपल्या गुरुजींकडे तक्रार घेऊन गेला, आणि ती तक्रार एका खुर्चीविषयी होती.

शिष्याचे नाव मकरंद. नदीकाठच्या एका लहान शहरात तो घरांचे नकाशे काढून देण्याचा व्यवसाय करी. बाजारपेठेत त्याचे छोटेसे कार्यालय होते. बालपणी तो ज्यांच्याकडे संस्कृत शिकला ते गुरुजी आता बरेच थकले होते. तरीही रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसण्याचा त्याचा नेम चुकला नव्हता. कधी शास्त्रचर्चा होई, कधी नुसता चहा. त्या रविवारी मात्र तो आला तोच कपाळाला आठ्या घालून.

"गुरुजी, आपण एखाद्याचं जीव तोडून भलं करावं आणि त्यानं त्याकडे ढुंकूनही पाहू नये, असं का होतं?"

"कोणाचं भलं केलंस?" गुरुजींनी विचारले.

"शलाकाचं. आणखी कोणाचं करणार?"

शलाका ही त्याची पत्नी. शालेय पुस्तकांची भाषांतरे करणे हे तिचे काम. पूर्वी ती एका प्रकाशनसंस्थेत नोकरीला होती. मग तिची आई गेली आणि पाठोपाठ वडिलांना विस्मृतीचा आजार जडला. त्यांना एकटे ठेवणे शक्य नाही असे दिसताच ती त्यांना आपल्या घरी घेऊन आली, नोकरी सोडली आणि घरूनच काम करू लागली. कधी दिवाणावर मांडी घालून, कधी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून ती लॅपटॉपवर वाकलेली असे. हळूहळू तिची मान आखडली, मग खांदा, मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, बसण्याची रीत सुधारली नाही तर हे काम सोडावेच लागेल. आई गेल्यानंतर तिला थोडेबहुत सावरले होते ते या कामानेच, हे मकरंदला ठाऊक होते.

म्हणून त्याने मनावर घेतले. घरात गाद्या आणि ट्रंका ठेवायची एक चिंचोळी खोली होती, ती रिकामी केली. भिंतींना फिकट रंग दिला. नकाशे काढणाराच तो. मोजमापात कसूर कशी होणार? शलाकाला भिंतीशी उभे करून, खुर्चीवर बसवून त्याने टेपने तिची मापे घेतली, तेव्हा ती खूप दिवसांनी हसली होती. "ब्लाउज शिवणार आहेस की टेबल करणार आहेस?" असे तिने विचारलेही. त्याने टेबल करून घेतले ते तिच्या कोपरांच्या उंचीचे. लॅपटॉप स्टँडवर असा चढवला की पडद्याची वरची कड तिच्या डोळ्यांसमोर यावी. हातांसाठी वेगळा कीबोर्ड आणि माउस आणला. कमरेला आधार देणारी खुर्ची आणली, आणि शलाका ठेंगणी असल्यामुळे पाय अधांतरी राहू नयेत म्हणून खाली लाकडी पाट ठेवला. टेबल भिंतीला लावले, म्हणजे खिडकीचा उजेड डावीकडून येईल आणि पडद्यावर पडणार नाही.

"आणि आता ती तिथं बसतच नाही," मकरंद म्हणाला. "थोडे दिवस बसली. मानेचं दुखणं कमी होण्याऐवजी वाढतच गेलं. परवा पाहतो तर बाई पुन्हा दिवाणावर, पुन्हा तशीच वाकून. मला राग आला, गुरुजी. म्हटलं, एवढं सगळं केलं ते कोणासाठी? तर म्हणाली, 'मला नाही जमत तिथं.' संपलं. पुढे काही बोलायलाच तयार नाही."

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"उद्या सकाळी येतो," ते म्हणाले. "तुझी खुर्ची पाहायची आहे मला."

दुसऱ्या दिवशी गुरुजी काठी टेकत आले तेव्हा शलाका मानेच्या व्यायामोपचारासाठी दवाखान्यात गेली होती, आणि ती परत येईपर्यंत मकरंद घरी थांबला होता. बाहेरच्या खोलीत तिचे वडील, अप्पा, वर्तमानपत्राची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी सगळी हयात घालवलेली. गुरुजींना पाहून ते अदबीने उठले.

"कुठली गाडी हवी आपल्याला?"

"घाई नाही मला," गुरुजी म्हणाले. "तुम्ही सांगाल ती."

अप्पांना हे उत्तर पसंत पडले. ते पुन्हा खाली बसले.

आतल्या खोलीत गुरुजींनी टेबलावरून हात फिरवला, खुर्ची मागेपुढे करून पाहिली, पाटावर पाय ठेवून पाहिला. मकरंद उत्सुकतेने त्यांच्या मुद्रेकडे पाहत होता.

"उत्तम केलं आहेस. मला यात काही उणं दिसत नाही."

"तेच तर म्हणतो मी!"

"आता तू बस इथं. आणि लिही."

"काय लिहू?"

"सध्या कोणाचं घर काढतो आहेस, त्याविषयी लिही. पानभर लिही. पान पुरं झाल्याशिवाय उठू नकोस." एवढे बोलून गुरुजी बाहेर गेले.

मकरंदला हा प्रकार काही उमगला नाही. परंतु गुरुजींची आज्ञा मोडण्याची सवय त्याला नव्हती. तो लिहू लागला. दोन वाक्ये झाली असतील, तोच पाठीमागे दाराची कडी वाजली. अप्पा तर नव्हेत? त्याने मान वळवून पाहिले. खोलीच्या दारातून बाहेरच्या खोलीचा जेमतेम कोपरा दिसत होता. गुरुजी आहेत तिथे, असे स्वतःला समजावून तो पुन्हा पडद्याकडे वळला. थोड्या वेळाने चपला फरफटल्याचा आवाज आला. त्याने पुन्हा पाहिले. पुन्हा कडी वाजली. त्याची बोटे कीबोर्डवर होती, पण कान घराच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते. वाक्य कुठवर आले होते तेच त्याला आठवेना.

मग सगळे आवाज थांबले. ती शांतता मात्र त्याला आवाजांपेक्षा असह्य झाली.

"अप्पा?" त्याने हाक मारली. "गुरुजी?"

उत्तर आले नाही. तो उठला. बाहेरची खोली रिकामी होती, दार सताड उघडे होते आणि वर्तमानपत्र जमिनीवर पडले होते. श्रावणात एकदा अप्पा असेच निघून गेले होते. सबंध दुपार शोधाशोध झाली, तेव्हा ते बसस्थानकावर सापडले. अनवाणी, फलाटावर उभे राहून कधीकाळच्या कुठल्याशा गाडीत उतारूंना चढवत होते. तो अनवाणीच जिना उतरून धावला.

खाली इमारतीच्या कट्ट्यावर, कडुनिंबाच्या सावलीत दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसले होते. घाटात गाडी बंद पडली तर प्रवाशांची सोय कशी लावायची, हे अप्पा समजावून सांगत होते आणि गुरुजी मनापासून ऐकत होते.

मकरंद धापा टाकत समोर उभा राहिला. त्याच्या मुद्रेवर राग होता, सुटकाही होती.

"गुरुजी, सांगून तरी जायचं होतं!"

"पान झालं का रे लिहून?"

"कुठलं पान? चार ओळीही झाल्या नाहीत."

"का? खुर्ची टोचली का?"

खुर्ची कशी होती हे मकरंदला आठवेना. आपण खुर्चीत होतो याचेच त्याला भान नव्हते. त्याचा हात आपसूक मानेकडे गेला. मानेची एक शीर ताणली गेली होती.

गुरुजींनी त्याचा तो हात पाहिला. मग ते हळुवारपणे म्हणाले, "बाळ, घटकाभरात तुझे हे हाल झाले. ती रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं बसत होती, दाराकडे पाठ करून. तू तिच्या देहाची मापं अचूक घेतलीस. पण तिचं सगळं लक्ष वडिलांपाशी असतं, आणि त्या लक्षाला बसायला तुझ्या खोलीत जागाच नव्हती. मान दुखणार नाही तर काय होईल? दिवाणावरून तिला दार दिसतं. म्हणून ती तिथं वाकून बसते."

मकरंद खाली पायरीवर बसला. काही वेळाने त्याच्यातला नकाशेवाला जागा झाला.

"मग टेबल फिरवतो, गुरुजी. दाराकडे तोंड करतो. उजेड उजव्या बाजूनं येईल, पण खिडकीला पडदा लावला की झालं."

"अवश्य फिरव. म्हणजे तिला मान न वळवता पहारा देता येईल." गुरुजी म्हणाले. "पहारा मात्र तिचाच राहील."

मकरंदने मान वर केली.

"खुर्चीला पाठ असते," गुरुजी म्हणाले, "पण माणूस तिच्यावर टेकतो केव्हा? मागची काळजी दुसऱ्या कोणीतरी उचलली आहे, अशी खात्री असेल तेव्हा. ती खात्री नसेल तर मऊ गादीवरही तो ताठरलेलाच राहतो. तू तिला बसायची जागा दिलीस. पाठ टेकायची जागा अजून द्यायची आहे."

अप्पांनी एवढा वेळ दोघांचे बोलणे ऐकून घेतले होते. त्यांनी मकरंदच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा, बसा. गाडीला अवकाश आहे," ते म्हणाले.

शलाका दवाखान्यातून परतली तेव्हा गुरुजी गेले होते. मकरंदने तिच्यासाठी चहा टाकला. कपबशी पुढे ठेवत त्याने विचारले, "सारखं मागे वळून बघावं लागतं म्हणून तिथं बसत नव्हतीस ना?"

शलाका चमकली. मग तिने होकारार्थी मान हलवली.

"मला सांगितलं का नाहीस?"

ती बराच वेळ कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिली. "काय सांगणार होते? अप्पा माझे वडील. तू त्यांना घरी आणू दिलंस, एका शब्दानंही नाही म्हणाला नाहीस. तुझ्या आईवडिलांना काय वाटलं असेल, नातेवाइकांना काय वाटलं असेल, ते सगळं तूच ऐकून घेतलंस. आणखी किती मागायचं मी तुझ्याकडे? त्यातून तू इतक्या हौसेनं ती खोली केलीस. तुला काय सांगू, की मला तिथं भीती वाटते म्हणून?"

मकरंदला आपले परवाचे शब्द आठवले. एवढं सगळं केलं ते कोणासाठी? ज्या घरात तो स्वतःला मोठा उदार समजत वावरत होता, त्याच घरात ही एखाद्या पाहुणीसारखी, कोणाला त्रास होऊ नये अशी अंग चोरून राहत होती. आणि त्याने टेप धरून तिच्या खांद्यांचे माप घेतले होते!

"तू मागायचं नव्हतंस," तो म्हणाला. "मला दिसायला हवं होतं."

शलाकाचे डोळे भरून आले. ते लपवण्यासाठी तिने कप तोंडाला लावला, तेव्हा चहा पार निवला होता.

त्या आठवड्यात मकरंदने आपले नकाशांचे टेबल कार्यालयातून घरी आणले आणि बाहेरच्या खोलीत, अप्पांच्या खुर्चीशेजारी मांडले. सकाळची वेळ घरी, दुपारनंतर बाजारपेठेत, असे त्याने ठरवले. गिऱ्हाइकांना सांगितले, सकाळी भेटायचे असेल तर घरी या. एकदोघांनी नाके मुरडली, पण गिऱ्हाइके आली. खोलीतले टेबलही त्याने फिरवले आणि खिडकीला जाड पडदा लावला.

पहिल्या दिवशी शलाका पुनःपुन्हा उठून दारात येई. "काही नाही, पाणी घ्यायला आले," असे म्हणून अप्पांकडे पाहून जाई. मकरंद तिला अडवत नसे. "आहेत, मी आहे," एवढेच तो म्हणे. इतक्या दिवसांची सवय एका सकाळी कशी सुटणार? अप्पा त्याच्या नकाशांवर वाकून रस्ते शोधत, आणि जिन्याला हा कुठला घाट म्हणून विचारत. मकरंद त्यांना सांगे. विसरून त्यांनी पुन्हा विचारले की पुन्हा सांगे. या माणसाशी आपण आजवर धड बोललोच नव्हतो, हे त्याला त्या दिवसांत कळले. गाड्यांच्या वेळा सांगताना अप्पांचा चेहरा कसा उजळतो, हेही त्याने तेव्हाच पाहिले.

शलाकाची मान लगेच बरी झाली असे नाही. व्यायाम चालू होते, औषध चालू होते. पण बोटांच्या मुंग्या कमी झाल्या, आणि दारात येणेही विरळ होत गेले.

एके सकाळी अप्पा उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "निघायला हवं. लोक खोळंबलेत." पूर्वी अशा वेळी घरात आर्जवे होत, रडारड होई. मकरंदने पेन्सिल खाली ठेवली आणि पायांत चपला सरकवल्या. "चला अप्पा, मीही येतो," तो म्हणाला. दोघे चौकापर्यंत गेले. जाणाऱ्या येणाऱ्या गाड्या पाहत थोडा वेळ उभे राहिले. मग अप्पांचे समाधान झाले आणि ते आपणहून घराकडे वळले.

परत आल्यावर शलाकाला सांगावे म्हणून मकरंद आतल्या खोलीच्या दाराशी गेला. ती खुर्चीत मागे रेलून बसली होती. दोन्ही पावले पाटावर सैल विसावली होती. कुठलासा शब्द तिला अडला असावा. डोळे मिटून ती तो ओठांतल्या ओठांत घोळवत होती. घरातून कोणी गेले, कोणी आले, याची तिला गंधवार्ताही नव्हती.

मकरंद आवाज न करता मागे फिरला आणि अप्पांशेजारी आपल्या जागेवर जाऊन बसला.