सोनबाने वाचलेली घागर

एका गावात एक भोळा गडी होता, सोनबा नावाचा. इतका भोळा की कुणी "जरा थांब" म्हटलं, तर "आता चल" म्हणेपर्यंत हा तिथेच उभा.

हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यासाठी गावाने घरोघरची भांडी गोळा केली. परत आणताना सोनबा भलत्याचीच घागर घेऊन आला. त्याच्या बायकोला, अनुसयेला, आईने लग्नात दिलेली पितळी घागर गेली. तिच्यावर नाव घातलेलं होतं, पण सोनबाला अक्षर कुठे येत होतं? अनुसया रुसून माहेरी निघाली.

"वाचाया शिका," ती म्हणाली. "माझी घागर हुडका आन् तिच्यावरचं नाव माझ्याम्होरं वाचून दावा. मंगच येईन."

सोनबाला घर खायला उठलं. तो वत्सलाबाईंच्या प्रौढवर्गात जाऊन बसला. बायको हवी होती, म्हणून अक्षरं भराभर शिकला. बाईंनी सांगितलं, अक्षराखाली बोट ठेवायचं आणि वाचून होईपर्यंत उचलायचं नाही. सोनबा म्हणाला, "बरं बाई."

मग तो घागर शोधायला निघाला. पहिल्याच घरी चुलीवर पाण्याचं पातेलं उकळत होतं आणि त्यावर नाव होतं. सोनबाने बोट ठेवलं. नाव लांबलचक. बिचारा डोळ्यांतून पाणी काढत शेवटच्या अक्षरापर्यंत गेला. पातेलं त्याच घरचं निघालं.

बाईंनी बोटाला तूप लावलं आणि म्हणाल्या, अरे, बोट नको. प्रत्येक अक्षराचा आवाज खणखणीत काढायचा, मग ते आवाज जोडायचे. सोनबा म्हणाला, "बरं बाई."

दुसऱ्या घरी एक बाई सकाळपासून तान्ह्याला झोपवत होती. ते नुकतंच निजलं होतं. पाळण्यामागच्या मांडणीवर तांब्या दिसला आणि सोनबाने आवाज काढला, खणखणीत. पोर किंचाळत उठलं. सोनबा जोडायचे आवाज तिथेच टाकून पळाला, कारण मागे लाटणं येत होतं.

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, बाबा, मनातल्या मनात वाच. ओठसुद्धा हलवू नकोस. सोनबा म्हणाला, "बरं बाई."

तिसरं घर पाटलीणबाईंचं. त्यांच्या ओसरीवर एक पितळी घागर होती. सोनबाने मनात वाचलं, 'अनुसयाला आईकडून'. हीच ती! पाटलीणबाईंना चष्म्याशिवाय दिसेना. त्यांनी विचारलं, "सोनबा, काय लिवलंय रं? तुजी हाय का?"

सोनबाने ओठ घट्ट मिटले. त्यांनी पुन्हा विचारलं. सोनबा गप्पच.

"नसंल तुजी," म्हणत त्यांनी घागर आत नेली.

सोनबा आनंदाने नाचत बाईंकडे आला. घागर सापडली होती ना! बाईंनी सगळं ऐकलं, मग स्वतः जाऊन, सोनबाने आणलेली भलती घागर देऊन अनुसयेची सोडवून आणली आणि त्याच्या हातात दिली. आता बायकोसमोर मोठ्याने वाच, म्हणाल्या. सोनबाने घागरीकडे पाहिलं. केवढं लांब नाव! तिच्यासमोर अडलो तर?

"लांब आलं की तुकडे करायचे," बाई म्हणाल्या. "एकेक तुकडा वाचायचा. मग सगळे जोडायचे. बायको खूश होईल बघ."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी सोनबा सासुरवाडीला पोचला, पाठीवर पोतं घेऊन. सासू-सासरे ओसरीवर आले. अनुसया दारात उभी राहिली. पोत्यात काहीतरी खणखणत होतं. सोनबाने एक पितळी तुकडा काढून वाचला, "अ." दुसरा काढला, "नु." मग "स." मग "या." एकही अक्षर चुकलं नाही. शेवटी सगळे तुकडे ओसरीवर ओळीने जोडून मांडले आणि छाती फुगवून एका दमात म्हणाला, "अनुसयाला आईकडून."

तांबटाने सफाईने कापली होती घागर.

अनुसयेने एक तुकडा उचलून पाहिला. मग तिने नवऱ्याचं भाजलेलं बोट पाहिलं, आणि तिला रडू यायचं ते हसूच आलं. आत जाऊन तिने बोचकं बांधलं. आईने विचारलं तर म्हणाली, "जाते बाई. न्हाईतर त्यास्नी आनिक एक धडा मिळंल."

वाटेत तिने विचारलं, "आवो, पन आता पानी कशात भरायचं?"

सोनबाने खूप विचार केला.

"त्यो धडा अजून झाला न्हाई," तो म्हणाला.